भरती वर्षातून एकदा

पुणे जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, असं शाळेच्या भूगोलात शिकवतात. रविवारी सकाळी कात्रजच्या बोगद्यातून दक्षिणेकडे निघालेल्या गाड्या बघितल्या, तर हे कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. मागच्या काचेतून पोहायची रबरी ट्यूब डोकावते. पुढे बसलेल्या काकांच्या डोक्यावर गोव्यात घेतलेली आणि गोव्यातच ठेवून यायला हवी होती अशी हॅट असते. गाडीला जायचं असतं भोर-वेल्ह्याला.

तिथे पाणी मात्र आहे, आणि भरपूर आहे. भोर तालुक्यात भाटघर आणि नीरा देवघर. वेल्ह्यात गुंजवणी, पानशेत आणि त्याला शेजार म्हणून वरसगाव. धरणं पाटबंधारे खात्याची, पाणी खालच्या तालुक्यांचं आणि देखावा पुणेकरांचा, अशी वाटणी कुणी न ठरवता ठरून गेली आहे. काठाकाठाने पाट्या लागल्या आहेत : 'लेक टच प्लॉट', 'बॅकवॉटर व्ह्यू', 'चुलीवरचं मटण', 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारने अलीकडे राजगड केलं. पण स्वारगेटला एसटीत बसलेला माणूस अजून कंडक्टरला 'एक वेल्हे' असंच सांगतो आणि कंडक्टरही त्याला दुरुस्त न करता तिकीट फाडतो.

कोथरूडमधल्या एका घरात अलिबागची सून आली, तेव्हा या किनाऱ्याची खरी परीक्षा झाली. लग्न झाल्यापासून जोडून सुट्टी आली की कोथरूडची मंडळी अलिबागला. तिथे विहीणबाई ताटात पापलेट वाढायच्या आणि व्याही समुद्र दाखवायचे. समुद्र दाखवायला त्यांना विशेष कष्ट नव्हते, दार उघडलं की झालं. पण पाहुणचार अंगावर चढत गेला की माणसाला परतफेडीची टोचणी लागते. पुण्यात दाखवायचं काय? शनिवारवाडा दाखवून झाला होता; तो बघून व्याही म्हणाले होते, "आत वाडा कुठे आहे?" शेवटी एकदा सोलकढीच्या तिसऱ्या वाटीनंतर कोथरूडचे यजमान बोलून गेले, "आमच्याकडेही किनारा आहे. या एकदा." हे असं बोलायचं असतं, ते कुणी खरं धरायचं नसतं. मे महिन्यात व्याही, विहीणबाई आणि एक भलीमोठी पिशवी दारात हजर झाली.

सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणून साडेआठला निघाले. यजमानांच्या खिशात यादी होती : बनेश्वर, भोरचा राजवाडा, भाटघर, रायरेश्वर, जमल्यास वरंधा. अशा यादीतला 'जमल्यास' हा एकच शब्द खरा असतो. बरोबर यजमानांच्या आई होत्या, म्हणजे आजी. धरण बघायला जायचं म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली : धरणाच्या खालच्या अंगाला गाडी उभी करायची नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या शनिवार पेठेत राहत होत्या. पुण्यातल्या त्या पिढीपुढे धरणाच्या सौंदर्याची तारीफ बेताने करावी.

पहिला मुक्काम नसरापूरचा. महामार्गावरून चेलाडी फाट्याला आत वळलं की थोड्याच वेळात बनेश्वरची झाडी लागते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये हे देऊळ बांधलं. कुंडांत मासे आहेत, शेजारून शिवगंगा वाहते, सावली इतकी दाट की मे महिना बाहेर ठेवून आत यावं. देवळात एक पोर्तुगीज घंटा आहे आणि तिच्यावर १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत अशा घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि मग चर्चच्या घंटा शंकराला वाजू लागल्या. व्याहींनी चष्मा सरसावून आकडा वाचला.

"म्हणजे ही घंटा आमच्याकडची," ते म्हणाले.

"वसईची," यजमान म्हणाले.

"किनाऱ्याचीच ना?"

दर्शन घेऊन बाहेर पडेपर्यंत अलिबागकडे एक गुण जमा झाला होता.

कापूरहोळहून भोरकडे वळणारा रस्ता एकेकाळी वडांच्या कमानीखालून जायचा. रुंदीकरणात बरेच वड गेले. जे राहिले त्यांच्याखाली आता लोक गाडी थांबवून फोटो काढतात, त्यामुळे रुंद केलेला रस्ता पुन्हा अरुंद होतो. भोर गाव नीरेच्या काठी, संस्थानाच्या राजधानीचा दिमाख थोडा अंगावर बाळगून. शंकराजी नारायण हे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले सचिव. त्यांच्या वंशाने, म्हणजे पंतसचिवांनी, १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत इथे राज्य केलं. राजवाडा आजही उभा आहे. त्याचे लाकडी खांब आणि चौक चित्रपटवाल्यांनी इतक्या वेळा वापरले आहेत, की प्रेक्षकांनी तो पडद्यावर दिल्लीपासून थेट दक्षिणेपर्यंत कुठलाही म्हणून पाहिलेला असतो. वाड्याशी आलेला पर्यटक कुठल्या सचिवाने काय केलं हे विचारत नाही. इथे कुठला पिक्चर झाला ते विचारतो. विहीणबाईंनीही तेच विचारलं. एका पोराने पाच-सहा नावं घेतली, त्यांतली निदान दोन तरी त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घेतली असावीत.

मग भाटघर.

यजमानांनी हा क्षण मनात बऱ्याच वेळा रंगवला होता. गाडी काठाच्या रस्त्याला लागेल, झाडं बाजूला सरतील आणि समोर अथांग पाणी. व्याही म्हणतील, "वा!" गाडी काठाला लागली, झाडं बाजूला सरली आणि समोर उतरत गेलेली, भेगाळलेली, तपकिरी जमीन दिसली. तिच्यावर म्हशी चरत होत्या. खूप लांब, खाली, पाण्याची एक पट्टी होती.

व्याही दर्यावर्दी माणूस. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. डोळ्यांवर हात धरून त्यांनी अंतर मोजलं आणि गंभीरपणे विचारलं, "ओहोटी आहे. भरती किती वाजता?"

यजमानांच्या मुलाने, म्हणजे जावयाने, खरं ते सांगितलं : "ऑगस्टमध्ये."

यात अतिशयोक्ती काही नाही. वेळवंडी नदीवरच्या या जलाशयाला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी. जूनमध्ये पश्चिमेच्या डोंगरांत पाऊस लागला की पाणी चढू लागतं, श्रावण-भाद्रपदात काठोकाठ होतं आणि मग नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे सुटत सुटत मे अखेरीला तळ गाठतं. चंद्राचा इथे काही संबंध नाही. इथली ओहोटी कालव्याच्या आवर्तनाप्रमाणे येते आणि तिचं वेळापत्रक पंचांगात सापडत नाही, सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. भाटघरची साठवण साडेतेवीस टीएमसी. पुणेकर ज्याच्या चौपाटीवर कणीस खातात त्या खडकवासल्याची पुरती दोनसुद्धा नाही. एवढं मोठं पाणी भोर तालुक्यात उभं राहतं आणि बहुतेक सगळं दुसरीकडे जातं. काठावरच्या गावांच्या वाट्याला उन्हाळ्यात गाळ, बुडालेल्या शेतांची आठवण आणि 'बीच कुठे आहे?' असं विचारणारे पाहुणे येतात. याबद्दल भोरकर फारसं बोलत नाहीत. बोलायला लागले तर मग पाहुण्यांचं जेवण थंड होतं.

धरणही दोन पिढ्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी इथे पहिलं धरण बांधलं, त्या तलावाला लेक व्हायटिंग म्हणत. ते पुरेना, म्हणून नवं मोठं धरण बांधलं आणि १९२८ च्या सुमाराला ते पुरं झालं. त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. येसाजी याच खोऱ्यातल्या भुतोंडे गावचे, त्यामुळे निदान या नावाला तरी इथल्या मातीचा दाखला आहे.

यजमानांचा चेहरा पडलेला बघून सुनेने तोड काढली. ओहोटीतच दिसणारी एक गोष्ट इथे आहे. कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ एरवी पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की दीड-दोन महिन्यांपुरतं बाहेर येतं. मोठमोठ्या दगडांचं जुनं बांधकाम. दरवर्षी बुडतं, दरवर्षी वर येतं, गावकरी गाळ काढतात आणि पूजा होते. आजूबाजूला काढलेल्या गाळाचे ढीग आणि देवळाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळ्यांच्या रेघा. व्याही बराच वेळ त्या रेघा बघत राहिले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण त्यासाठी दिवसातून दोनदा संधी असते. इथल्या देवाने भक्तांना वर्षाकाठी एकच मुदत दिली आहे. "हा देव शिस्तीचा," व्याही म्हणाले. हिशोब बरोबरीत आला.

दुपारचं जेवण मात्र फसलं. काठावरच्या एका हॉटेलात बसल्यावर यजमानांनी मोठ्या मनाने पाहुण्यांसाठी मासे मागवले. मेनूकार्डावर सुरमई होती, पापलेट होतं, कोळंबीही होती. धरणाच्या काठावर बसून लोक समुद्राचा मासा मागतात आणि तो बर्फाच्या पेटीतून घाट चढून येतो, हा या भागातल्या खाद्यसंस्कृतीचा न उकललेला भाग आहे. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. कोळीवाड्यात ज्यांचा शब्द चालतो त्या बायकांना माशाविषयी बोलावं लागत नाही. शेवटी जावयाने आत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की धरणातला मासाही आहे : रोहू, कटला, चिलापी. तो मालक स्वतःच्या घरच्यांसाठी करत होता. गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून कार्डावर लिहिला नव्हता. तो आला. काटे अलिबागकरांना परवडणारे होते. रश्श्यात काळं वाटण होतं, नारळाला जागा नव्हती. व्याहींनी निकाल दिला : "मासा गोडा आहे, पण माणूस खरा आहे."

रायरेश्वर राहून गेला. तो अशा यादीतून राहून जातोच.

पण भोर-वेल्ह्यात जेवायचं कसं, याचं खरं शिक्षण झालं ते दिवाळीत. व्याही पुन्हा आले. भरती बघायची राहिली होती असं ते म्हणाले; विहीणबाईंची पिशवी या खेपेला आणखी मोठी होती. बेत वेल्ह्याचा, म्हणजे राजगडाचा. व्याहींना राजगडात एकाएकी रस निर्माण व्हायला कारण होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत राजगड आहे, आणि अलिबागजवळच्या समुद्रातला खांदेरीही आहे. "आपण आता एका यादीतले," असं म्हणत व्याही खांदेरीचे प्रतिनिधी म्हणून आले होते. तोरणा मात्र त्या यादीत नाही. १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, स्वराज्याच्या अगदी सुरुवातीला हाती आलेला. त्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं सांगतात. धन द्यायचं थोरल्याने आणि यादीत नाव धाकट्याचं. वेल्ह्याच्या चहाच्या टपरीवर हा विषय काढायचा असेल तर चहा आधी पिऊन घ्यावा.

आता जेवणाचं. मावळात गडाच्या पायथ्याला हॉटेल म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी घर असतं. ओसरीवर सतरंजी, भिंतीला देवांचे आणि महाराजांचे फोटो, आत चूल. इथे मेनूकार्ड नसतं आणि येऊन बसलात की जेवण आलं असंही नसतं. जेवण सांगून ठेवावं लागतं. सकाळी गड चढण्याआधी सांगायचं, उतरून आल्यावर जेवायचं. या एका नियमावर इथल्या सहलीचा सगळा दिवस तोललेला असतो, आणि शहरी माणसाची फजितीही इथेच होते. कारण सकाळी साडेआठला, फाट्यावरची मिसळ पोटात जड असताना, त्याला दुपारी तीनच्या भुकेचा अंदाज द्यायचा असतो.

"किती मान्सं?" पायथ्याच्या घरातल्या मावशींनी विचारलं.

"सहा. पण आजी गडावर येणार नाहीत, त्या इथेच थांबतील. आणि आम्ही फार खात नाही हो. माणशी एक भाकरी पुरे."

"आसंच म्हणत्यात समदी."

मावशींनी सहा जणांकडे एकवार बघितलं. यजमानांचं पोट, जावयाचे खांदे, व्याहींच्या चपला. किती वाजता खाली उतरतील, किती दमतील आणि किती खातील याचा हिशोब तिथेच झाला. आकडा त्यांनी सांगितला नाही. "दोनला येतो," यजमान म्हणाले. "बरं," मावशी म्हणाल्या आणि साडेतीनच्या हिशोबाने चुलीकडे वळल्या.

कोंबडीचं काय, असं यजमानांनी विचारलं. ते काल संध्याकाळी सांगायला हवं होतं. शहरात गावरान कोंबडी दुकानात असते. गावात ती गावभर असते आणि दिवसा कुणाच्या बापाला सापडत नाही. तिला रात्री खुराड्यात गेल्यावरच धरायचं. काल फोन करायचा तर रेंज नव्हती. यजमानांच्या नव्हे, मावशींच्या मुलाच्या फोनला, जो रेंजसाठी एका विशिष्ट आंब्याखाली उभा राहतो आणि काल राहिला नव्हता. त्यामुळे पिठलं.

आणखी एक बारीकशी लढाई भाकरीवरून झाली. यजमानांना बाजरीची हवी होती, कारण पिठल्याबरोबर बाजरीची भाकरी असा त्यांच्या मनातला फोटो होता. मावशी म्हणाल्या, तांदळाची आहे, नाचणीची आहे. इथे पाऊस मरणाचा, खाचरांत भात होतो आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई. बाजरी पूर्वेकडच्या कोरड्या रानाची. वेल्ह्यात बाजरीची भाकरी मागणारा माणूस दुकानातून पीठ आणायला लावतो आणि त्यालाच 'अस्सल गावरान' म्हणतो. पाट्यांनी पुणेकरांची ही सवय ओळखली आहे. मावशींनी ओळखलेली नव्हती, किंवा ओळखून सोडून दिली होती. तांदळाची भाकरी म्हटल्यावर विहीणबाईंचा चेहरा खुलला. ती त्यांच्या घरचीच होती.

मंडळी पालीच्या बाजूने चढली. ही पायऱ्यांची वाट, म्हणून यजमानांनी निवडलेली. पायथ्याच्या पाल गावात सईबाईंची समाधी आहे. १६५९ च्या सप्टेंबरात, अफझलखान स्वारीवर येत असताना, त्या राजगडावर वारल्या. व्याही तिथे टोपी काढून उभे राहिले. मग चढ सुरू झाला आणि नंतरचा तासभर कुणी कुणाशी इतिहासावर बोललं नाही.

वाटेत ताकवाल्या बसलेल्या असतात. त्यांच्या दरात आणि उंचीत थेट नातं आहे आणि ते रास्त आहे, कारण हंडा रोज डोक्यावरून वर येतो. तरी प्रत्येक गटात एक माणूस असतोच, जो दूरच्या शहरात पॉपकॉर्नला शेकडो रुपये देतो आणि इथे पेल्याभर ताकावर घासाघीस करतो. या गटातले ते कोण होते, हे कौटुंबिक कारणास्तव सांगता येत नाही. एवढंच की व्याहींनी मध्ये पडून दोन पेले जास्त घेतले आणि पैसे मोजून दिले.

वर पद्मावती माचीवर पोहोचल्यावर व्याहींनी बालेकिल्ल्याकडे आणि संजीवनी, सुवेळा या माच्यांकडे निरखून बघितलं. पंचवीसएक वर्षं ही राजधानी होती, राजाराम महाराज इथेच १६७० मध्ये जन्मले. खांदेरीचे प्रतिनिधी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या किल्ल्याला होडीने जाता येतं, हे मात्र बरं आहे."

खाली उतरले तेव्हा साडेतीन वाजले होते.

ओसरीवर ताटं मांडलेली होती. पिठलं, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा, आणि नव्या इंद्रायणीचा भात, ज्याच्या वासाने गड न चढलेल्या आजीसुद्धा जाग्या झाल्या. माणशी एक भाकरी म्हणणाऱ्या यजमानांनी चौथी घेतली तेव्हा मावशींनी चूल विझवलेली नव्हती, म्हणजे त्यांना पाचवीचीही शंका होती. जावई बोलायचा थांबला होता. भोरच्या बाजूला रायरेश्वराच्या पठारावर, शिडी चढून गेल्यावर, जंगमांची घरं आहेत; तिथेही हीच पद्धत. १६४५ ची स्वराज्याची शपथ सांगणारे मार्गदर्शक आणि 'किती भाकऱ्या टाकू' विचारणाऱ्या मावशी यांच्यात पर्यटक पहिल्याकडे लक्ष देतो आणि दुसरीला विसरत नाही.

दरम्यान विहीणबाई आत गेल्या होत्या. चुलीपाशी पाट घेऊन बसल्या आणि पिशवी उघडली. त्यात सोडे होते, सुकट होती, बोंबील होते. मावशींनी वास घेऊन डोळे मिटले. या डोंगरांना हा वास नवा नाही. केळदजवळच्या मढे घाटाने, उपांड्याने आणि अशाच डझनभर वाटांनी पिढ्यान् पिढ्या कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर चढत आली आणि वरचं धान्य खाली उतरलं. सिंहगड पडल्यावर तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठ्याला नेला तो मढे घाटानेच, असं लोक सांगतात. आता त्या घाटाच्या तोंडाशी लक्ष्मी धबधब्याचे फोटो काढायला गर्दी होते, आणि पावसाळ्यातल्या अपघातांमुळे प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. सुकट मात्र आजकाल पिशवीतून येते.

आत काय बोलणं झालं ते पुरुषांना कळलं नाही. पावसाळ्याच्या पहिल्या सरींत ओढ्याला चढणारे मासे इथे कसे धरतात, मुठे कसे सोलतात, टाकळ्याची आणि कुर्डूची भाजी कशी परततात, असे काही शब्द ओसरीपर्यंत आले. थोड्या वेळाने विहीणबाई बाहेर आल्या तेव्हा पिशवीतली सुकट गेली होती आणि इंद्रायणीचे तांदूळ आले होते. वजनात कोण फायद्यात राहिलं, हे दोघींपैकी कुणी सांगितलं नाही. दोघींच्याही चेहऱ्यावर आपण राहिलो असंच होतं. यजमानांनी जेवणाचे पैसे विचारले तर मावशींनी पाच माणसांचे सांगितले. "विहीणबाईंचं आमच्यात मिटलंय," त्या म्हणाल्या.

परतीला व्याहींनी अलिबागला सरळ खोपोलीकडून जाण्याचा विचार मांडला, तो यजमानांनी हाणून पाडला. भरती दाखवायची होती ना! म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भोर. भाटघर काठोकाठ होतं. जिथे म्हशी चरत होत्या तिथे पाणी, जिथे कांबरेश्वर होता तिथेही पाणी. यजमान पहिल्यांदाच मोकळे झाले. व्याही काठावर उतरले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "भरती पुरी आहे. फक्त मीठ टाकायचं राहिलंय."

तिथून वरंध्याकडे. नीरा देवघरचं पाणी बराच वेळ रस्त्याच्या कडेला सोबत करतं, हिर्डोशीचं खोरं मागे पडतं, डोंगर जवळ येतात आणि वाट वळणांना लागते. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बहुधा बंदच ठेवतात. २०२१ च्या जुलैत तर त्याची अतोनात मोडतोड झाली होती. दिवाळीत मात्र त्याच्यासारखा रस्ता नाही. खाली शिवथर, जिथल्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात. बाजूला कावळ्या किल्ला. आणि घाटात वाघजाईचं देऊळ. देवळाशेजारी भज्यांच्या टपऱ्या. टपऱ्यांसमोर माकडं, रांगेत, गिऱ्हाइकांपेक्षा शिस्तीत.

निरोपाची जागा म्हणून हीच ठरली होती. यजमान इथून मागे फिरणार, व्याही महाडकडे उतरणार. कांदाभजी आली, बटाट्याची आली, चहा आला, आणि मग जे व्हायचं ते झालं. दोघांनी एकाच वेळी खिशात हात घातला.

"इथपर्यंत तुम्ही आमचे पाहुणे," यजमान म्हणाले.

"उतार लागला की रायगड जिल्हा. म्हणजे तुम्ही आता आमच्याकडे आहात."

"उतार अजून लागलेला नाही."

"मग गाडीला हँडब्रेक कशाला लावलाय?"

जावई मध्ये पडला नाही. दोन्ही बाजू त्याच्याच होत्या. यजमानांनी शेवटी भजीवाल्यालाच साकडं घातलं : "दादा, ही टपरी पुण्यात येते की रायगडात?" कढईतला घाणा उलटवत भजीवाला म्हणाला, "कांदा अजून टाकू का बटाटा?" एवढ्यात एका माकडाने वादात असलेली ताटली उचलली आणि देवळाच्या छपरावर बसून तिचा निकाल लावला. विहीणबाई तेव्हा टपरीच्या पलीकडच्या बाकावर आजींशी बोलत बसल्या होत्या. पैसे त्यांनी केव्हाच देऊन टाकले होते, आणि वाटेसाठी दोन पुडे बांधायला सांगितले होते.